भट्टीच्या मऊ विटेत कोरलेले काचेसाठीचे साचे, आठ महिने वापरल्यावर

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. बाबा तान्ह्या पोळ्यासाठी लाकडाचे नंदी कोरतात, त्यामुळे पटाशी हातात लहानपणापासून. काचेसाठी छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेतली तेव्हा तयार साचे लय महाग पडत होते, म्हणून मऊ इन्सुलेशन विटा (उष्णता अडवणाऱ्या) आणल्या, त्या पांढऱ्या हलक्या, १२६० डिग्रीपर्यंत टिकणाऱ्या. आठ महिने झाले त्यात आकार कोरून, वर खिडकीची ४ एमएम काच ठेवून भट्टीत वाकवते अन् ताटल्या करतेय.

कोरायला एकदम सोपी, नुसत्या चमच्यानंही खरवडली जाते. पण विटेनं पटाशीची धार जाते, म्हणून बाबांची चांगली पटाशी घेऊ नका, जुनी घ्या. शेवटी विटेचाच तुकडा घासला की आकार गुळगुळीत होतो. धूळ मात्र वाईट, बारीक सिलिका असते त्यात अन् ती फुफ्फुसात बसते. मी अंगणात, पाणी शिंपडून, एन९५ मास्क लावून कोरते. आई म्हणे ओढणी बांध, पण ओढणीनं ही धूळ अडत नाही.

आता नंदीची गोष्ट. बाबांचा नंदी पाहून मी तळाशी उठावदार नंदी कोरला, कडा सरळ उभ्या. काच बसली मस्त, पण थंड झाल्यावर पाह्यलं तर नंदीच्या भोवतीनंच तडकलेली. तीन काचा गेल्या तेव्हा समजलं, थंड होताना काच विटेपेक्षा जास्त आकसते आणि वर आलेल्या भागाला घट्ट आवळते. मग त्याच नंदीच्या सगळ्या कडा उतरत्या केल्या, एकही उभी भिंत ठेवली नाही, तेव्हापासून तो साचा अजून चालतोय. पळसाचं पान मी आत खोल कोरलं, त्यात हा त्रासच नाही, काच आकसून भिंतीपासून सुटते. नवीन माणसानं खोलगट आकारापासूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात खोल जागी दोन-तीन बारीक भोकं आरपार पाडा, नाहीतर खाली हवा अडकते अन् काच नीट बसत नाही. किल्न वॉशचे (काच विटेला चिकटू नये म्हणून लावायचा लेप) चार-पाच पातळ हात, एक आडवा एक उभा. वीट पाणी लय पिते, म्हणून नंतर पूर्ण वाळवायचीच, मी १२० डिग्रीला दोन तास ठेवते. वॉश उडालेला दिसला की लगेच परत लावते, उघड्या विटेला काच चिकटली तर दोन्ही जातात.

वीट ९ बाय साडेचार इंच, म्हणून मोठ्या ताटासाठी सिरॅमिक फायबर बोर्डही (उष्णता सोसणाऱ्या तंतूंची पाटी) घेऊन पाह्यला. कापायला छान, पण पहिल्या भाजणीत आतला बाइंडर (तंतू धरून ठेवणारा पदार्थ) जळतो, धूर अन् वास दोन्ही येतात, मी तेव्हा भट्टी गोठ्याजवळ नेली होती. नंतर तो इतका नरम पडतो की बोटाचा ठसा उमटतो, त्याला कडक करायला कोलॉइडल सिलिका (पाण्यातली अतिबारीक सिलिका) पाजून परत वाळवावं लागतं. माझ्यासाठी वीटच बरी.

माझ्या भट्टीत ही काच ६९० च्या आसपास वाकते, चढवताना तासाला १०० डिग्री. उतरताना ५५० ला एक तास थांबवते, तिथं काचेतला ताण निघतो, घाई केली तर ताटली दोन दिवसांनी कपाटात ठेवल्या ठेवल्या फुटते. लाइटचं म्हणाल तर एकदा नेमकी थांब्याच्या मधात गेली. झाकण उघडलं नाही, तशीच राहू दिली, दुसऱ्या दिवशी तीच काच हळूहळू परत ५५० ला नेऊन पूर्ण तास ठेवली, वाचली. मे महिन्यात तर बाहेरच ४५ असते, शेवटचं थंड होणं सकाळपर्यंत चालतं, तरी झाकण उघडायचं नाही.

आणि रंगीत फ्युजिंग काच (भट्टीत वितळवून जोडायची) या खिडकीच्या काचेवर चिकटवू नका, दोघींचं प्रसरण वेगळं, कितीही हळू थंड करा तडकणारच. दोन विटा जोडून मोठा साचा करायचं आता चाललंय, जोडाची रेघ काचेवर उमटू नये म्हणून काय करता कोणी? मला लिहा.