जयसिंगपुरातून कोल्हापूरला रोजची ये-जा: सगळं झकास, तेवढं क्रॉसिंग सोडून

गेल्या आठवड्यात सकाळची गाडी मधल्या एका स्टेशनात क्रॉसिंगला घातली, ती हलायचं नाव घेईना. समोरून एक्सप्रेस येणार, ती लेट, म्हणून आम्ही लेट. ऑफिसात पोचले तोवर माझा हाफ डे लागला होता. त्या रागात हे लिहायला घेतलंय, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर एवढे महिने मी भेटेल त्याला ‘जयसिंगपुरात घर बघा, डोळे झाकून बघा’ म्हणूनच सांगत होते.

माझी नोकरी कोल्हापुरात शाहूपुरीत, ह्यांची मिरजेत. राजारामपुरीत राहायचो तेव्हा भाडंही वाढत होतं आणि ह्यांचं पेट्रोलही. मग ठरवलं, रेल्वेच्या कडेनं घर बघायचं. वळिवड्याला उतरलं की गांधीनगरचा कापडबाजार. लग्नसराईत तिथून नुसतं चालत बाहेर पडून दाखवा. रुकडी मला आवडलं होतं, पण ह्यांना मिरज लांब पडत होतं. हातकणंगल्याला इचलकरंजीकरांची गर्दी. एजंट म्हणाला, ‘वहिनी, घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर.’ त्याच्या गाडीवरून पाच मिनिटं, हे त्यानं सांगितलं नाही. शेवटी जयसिंगपूर ठरलं.

आता क्रॉसिंग. कोल्हापूर-मिरज ही जेमतेम पन्नास किलोमीटरची लाईन 1891 ची, शाहू महाराजांच्या काळातली. 1971 साली मीटर गेजची ब्रॉड गेज झाली, आता वरून विजेची तारही गेली. रूळ रुंद झाले, पण जोडी एकच राहिली. मिरजेच्या पुढे पुण्याकडं दुहेरीकरण झालं, आमच्या वाट्याला मात्र अजून एकेरीच. त्यात कोल्हापूर हे टोक. इथं आलेली प्रत्येक गाडी पुढं कुठं जात नाही, आल्या वाटेनंच माघारी फिरते. महालक्ष्मी, कोयना, हरिप्रिया, सगळ्यांचं जाणं-येणं आमच्याच डोक्यावरून. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं स्टेशनातल्या बाजूच्या लाईनीत थांबायचं. कुणी, हे सांगायला नको. पॅसेंजरनं. 2024 पासून आठवड्यातून तीन दिवस वंदे भारतही आहे. ती कोल्हापूर सोडली की थेट मिरज. आम्हाला तिचा फक्त वारा लागतो.

आमच्या डब्यात एक काका आहेत, बरीच वर्षं पासवर ये-जा करणारे. गाडी थांबली की ते खाली उतरतात, पण सिग्नलकडं बघत नाहीत. एक्सप्रेस धडधडत गेली की पुढच्या सांध्याकडं, म्हणजे रूळ बदलतात तिकडं, कान लावून उभे. तिकडं ‘खाडकन’ झालं, की म्हणतात, ‘सांधा पडला, बसा पोरीनू.’ त्यानंतर सिग्नल, त्यानंतर भोंगा. मी आता काकांवर भरवसा ठेवते, मोबाईलवरच्या ॲपवर नाही. ॲपमध्ये गाडी कधीच पुढच्या स्टेशनात पोचलेली असते.

एवढं सोसून राहिले कशाला? तर गावापायी. मी कोल्हापूरच्या पेठेतली, आमच्याकडं पत्ता सांगायचा म्हणजे तालमीपासून सुरुवात करून तीन बोळ ओलांडायचे. जयसिंगपूर शाहू महाराजांनी रेल्वेच्या कडेला व्यापारपेठ म्हणून आखून वसवलं, वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. रस्ते पट्टीनं मारल्यासारखे सरळ, गल्ल्यांना नंबर. नवीन माणूससुद्धा नंबर विचारत दारात येऊन उभा राहतो. सिलिंडरवाल्याला फोनवर रस्ता समजावत बसायला लागत नाही, ही सुखाची गोष्ट पेठेत वाढलेल्यालाच कळेल.

कोल्हापूरच्या बाजूलाही माझं बरं जमलं, कारण शाहूपुरी स्टेशनाला लागूनच आहे, चालत जाता येतं. राजारामपुरीत काम असेल तर मात्र वाटेतल्या परीख पुलाखालचं पाणी हिशेबात धरा. जरा मोठी सर आली की तिथं तळं. केएमटीची बस, रिक्षा, सगळं अडकतं.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि पाऊस लागला. कोल्हापूर-सांगली रस्त्याचं तुम्हाला माहीतच आहे. चोकाक ते अंकलीचं चौपदरीकरण जमिनीच्या मोबदल्यावरून रखडलेलं, पावसात त्या पट्ट्यातून गाडी मारणं म्हणजे कंबरेचं दुखणं विकत घेणं. ह्यांच्या बायकोला, म्हणजे मला, मागं बसवून ते एक दिवस कोल्हापूरपर्यंत आले आणि घरी गेल्यावर गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपले. त्या आठवड्यात गाडी रोज आली. उशिरा आली, ओली आली, पण आली. त्यामुळं वर जेवढा राग काढलाय त्यातला निम्मा परत घेते. हाफ डेचा निम्मा घेणार नाही.

एक गोष्ट मात्र घर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. रुकडीजवळ ही लाईन पंचगंगा ओलांडते. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी तिथवर चढलं आणि गाड्या बंद पडल्या. तेव्हा रस्ताही बंद असतो, म्हणजे ऑफिस विसरायचं. नृसिंहवाडी, कुरुंदवाडच्या मानानं आमचं गाव उंचावर आहे, पण घर बघताना 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको.

पासाचंही सांगते, कारण सगळे महिन्याचाच काढत बसतात. तिमाही पास महिन्याच्या 2.7 पटीत मिळतो, म्हणजे तीन महिन्यांत जवळजवळ नऊ दिवसांचे पैसे वाचतात. सहामाही 5.4 पट, वार्षिक 10.8 पट. गणित करून बघा, तिमाहीच्या पुढं एक पैसाही जास्त सुटत नाही, उगाच रक्कम अडकून पडते. आणि मधेच बदली झाली तर? मी तिमाहीच काढते. तो पास घेऊन आरक्षित डब्यात मात्र चढू नका, टीसी ऐकून घेत नाही.