आठ महिने, अकरा मिक्स आणि कन्नड लिपीत उतरलेला अभंग

बेळगावच्या वडगावात आमच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमाग आहेत. वीज असली की खटखट सुरू. वीज गेली की माग थांबतात, पण लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसला त्यातूनच वीज मिळते. घरी अभंग रेकॉर्ड करायला वीज जायची वाट बघत बसणारा गल्लीत मी एकटाच असेन.

दिवाळीनंतर कंडेन्सर माइक, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस आणि बंद कपांचे हेडफोन घेतले. सामानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सहाव्या महिन्यात हेडफोनची एक गादी सुटली, ती डिंकाने चिकटवली. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. 60 दिवस सगळं चालवून बघता येतं, मग घरगुती वापराला 60 डॉलरचं लायसन्स. पेटी, पखवाज, टाळ, मुख्य आवाज आणि मागं धरणारे चौघे, एवढं जुन्या लॅपटॉपवरही अडखळत नाही. स्पीकर मुद्दामच घेतले नाहीत. दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीत साधारण 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, आणि मग खर्ज खरा किती हे कळतच नाही.

खरी अडचण वेगळीच होती. पहिला मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेली एक फाइल, भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तर सतरा हात जोडलेले आले आणि दोन ‘लई भारी’. त्यातून दुरुस्त काय करायचं?

मग एकेकाला वेगळा प्रश्न विचारायला लागलो. मामा पखवाज वाजवतात. त्यांना विचारलं, "कुठं अडकल्यासारखं वाटतंय?" उत्तर आलं, "माझा धामा कुठं गेला रे? आणि पेटी लई वरडूलीय बघ." वादकाला आपलंच वाद्य कमी ऐकू येतं, म्हणून निम्मं सोडून दिलं. पण त्यांनी ऐकलं होतं फोनवर, आणि तिथं ते खरंच होतं. धामा म्हणजे पखवाजाची खर्जाची बाजू; कणिक लावलेल्या धाम्याचा खालचा घुमारा फोनच्या इवल्या स्पीकरमधून निघतच नाही. नुसता बास वाढवून उपयोग झाला नाही. त्या ट्रॅकला थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) दिलं, वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, उमटले आणि धामा फोनवरही ‘दिसायला’ लागला.

सगळ्यात मोठी मदत झाली ती शहापूरच्या मित्राची. घर कन्नड. मराठी छान बोलतो, पण अभंगाची जुनी भाषा त्याच्या कानावरची नाही. त्याला म्हटलं, जे ऐकू येईल ते तसंच लिही. त्यानं कन्नड लिपीत सोळा ओळी लिहून पाठवल्या. पाच ओळींत शब्द भलतेच होते, आणि त्या पाचही ठिकाणी पेटी भरून वाजत होती. आम्हाला अभंग पाठ, त्यामुळे न ऐकू आलेलं अक्षर मन आपोआप भरून काढतं. त्याच्याकडे ती सोय नव्हती. पेटीचा 2 ते 3 किलोहर्ट्झचा पट्टा 3 डेसिबलने उतरवला आणि रिव्हर्बला, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याला, 40 मिलिसेकंद उशिरा सुरू होण्याचा प्री-डिले दिला, म्हणजे आधी व्यंजन नीट पोचतं, मग घुमारा येतो. पुढच्या वेळी एकच ओळ चुकली. तिथं गाणाऱ्यानेच शब्द खाल्ला होता. गाणारा मीच.

दोन गोष्टी फटका बसल्यावर कळल्या. जुना-नवा मिक्स शेजारी ऐकवताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या, नाहीतर जो मोठा तोच लोकांना आवडतो. मी चौथा आणि पाचवा मिक्स असाच फसून ‘सुधारला’. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एकाच मिक्सवर तिघांपेक्षा जास्त मतं मात्र घेऊ नका. सातव्याला नऊ जणांना विचारलं. टाळ वाढव, टाळ कमी कर, टाळच काढ. आठवडाभर लॅपटॉप उघडला नाही.

आईचं मत मी सगळ्यात उशिरा ऐकलं. तिला मिक्स वगैरे काही कळत नाही. म्हणाली, "छान आहे, पण हा तू वाटत नाहीस." सूर सरळ करायला मी पिच करेक्शन लावलं होतं. ते काढून वीज गेलेल्या एका दुपारी आवाज पुन्हा रेकॉर्ड केला. तो अकरावा मिक्स. दुसऱ्या चरणात एक सूर किंचित उतरलाय, आणि शेवट नीट ऐकलात तर लांबून माग सुरू झाल्याचंही ऐकू येतं.