‘कीवा’: वर्गात एकट्या पाडलेल्या मुलांसाठीचा फिनिश कार्यक्रम, पालकाच्या बाजूने

फिनलंडमध्ये मुले शाळेत घालणाऱ्या पालकांना ‘कीवा’ हे नाव बहुधा भिंतीवरच्या पोस्टरवरून किंवा सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकांच्या झगझगीत जाकिटांवरून ठाऊक होते. शाळकरी मुलांमधली दादागिरी आणि एखाद्याला एकटे पाडण्याचे प्रकार रोखण्यासाठी शिक्षण मंत्रालयाच्या पाठबळावर तुर्कू विद्यापीठाने २००६ पासून हा कार्यक्रम घडवला. शाळांमधल्या मोठ्या चाचणीनंतर २००९ मध्ये तो देशभरातल्या शाळांसाठी खुला झाला. आज इतर अनेक देशांतल्या शाळाही तो वापरतात. आमची मुलगी एस्पोमधल्या एका शाळेत चौथीत असताना या कार्यक्रमाच्या पोस्टरपलीकडच्या भागाशी आमचा संबंध आला. परदेशात स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांना आणि महाराष्ट्रातल्या शिक्षकांनाही त्याची माहिती असावी असे मनापासून वाटते, म्हणून हे परीक्षण.

इथल्या शाळांत साधारणपणे पंचेचाळीस मिनिटांच्या तासानंतर पंधरा मिनिटांची सुट्टी असते आणि फारच कडाक्याची थंडी नसेल तर सगळ्या मुलांना बाहेर मैदानावर जावे लागते. ज्या मुलाला सोबती आहेत त्याच्यासाठी ही चंगळच असते; ज्याला नाहीत त्याला मात्र दिवसातून अनेकदा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकटे उभे राहावे लागते. आमच्या मुलीला कोणी मारले नव्हते की शिवीगाळ केली नव्हती. ती जवळ गेली की वर्गातल्या तीन-चार मुलींचा खेळ संपायचा आणि ती लांब गेली की मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तोच खेळ पुन्हा सुरू व्हायचा. शिक्षिकेने जोड्या करायला सांगितल्या की ती उरायची. “आई, त्या मला काहीच करत नाहीत,” असे ती म्हणाली तेव्हा काय उत्तर द्यावे ते मला कळेना, कारण तक्रारीत लिहिता येईल असे त्यात खरोखरच काही नव्हते. कट्टी झाली असती तर कधीतरी बट्टीही झाली असती. इथे भांडणच झाले नव्हते, त्यामुळे मिटवायचे तरी काय, हा प्रश्न होता.

शाळा आणि घर यांच्यातल्या निरोपांसाठी इथे विल्मा नावाची संगणकीय प्रणाली वापरतात. तिच्यावरून वर्गशिक्षिकेला लिहिले आणि तिथून पुढे जे झाले, त्यात या कार्यक्रमाचे खरे बळ दिसले. सहभागी शाळेत किमान तीन मोठ्या माणसांचा एक गट अशा प्रकरणांसाठी नेमलेला असतो. हा एकदाच झालेला वाद आहे, की स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या मुलाला पुन्हा पुन्हा आणि जाणूनबुजून त्रास दिला जात आहे, हे हा गट आधी ठरवतो आणि खेळातून वगळणे हाही त्रासच मानतो. मग त्रास सोसणाऱ्या मुलाशी बोलणे होते. त्यानंतर त्रास देणाऱ्यांना एकेकटे आणि पाठोपाठ बोलावतात, म्हणजे मधल्या वेळेत आपसांत ठरवून उत्तरे देण्याची संधी राहत नाही. शेवटी त्यांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून तो स्वतः काय करणार हे वदवून घेतात. काही दिवसांनी पुन्हा सगळ्यांना बोलावून ठरल्याप्रमाणे झाले का, हे पाहतात. हे बोलणे दोन पद्धतींनी करता येते. पहिलीत ‘तुमचे वागणे आम्हाला माहीत आहे आणि ते आत्ताच्या आत्ता थांबले पाहिजे’ असे स्पष्ट सुनावले जाते. दुसरीत आरोप न करता ‘तिला सुट्टीत फार जड जाते आहे, तुला काय करता येईल?’ असे विचारले जाते. आमच्याकडे दुसरी पद्धत वापरली गेली.

याच काळात वर्गशिक्षिकेने त्या तीन-चार मुलींच्या घोळक्याबाहेरच्या, वर्गात मान असलेल्या दोन मुलींशीही बोलणे केले. तोही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यातल्या एकीने जे सुचवले ते मला कधीच सुचले नसते. हिवाळ्यात सुट्टीच्या आधी सगळी मुले शाळेच्या बोळात जाड अंगरखे, बूट, हातमोजे चढवत असतात. ज्यांचे आधी आवरते ती एकमेकांसाठी थांबतात आणि घोळक्याने बाहेर पडतात. कोण कोणाबरोबर खेळणार हे मैदानावर जाण्यापूर्वी तिथेच ठरून जाते. ती मुलगी म्हणाली, “तिचे बूट घालून होईपर्यंत मी थांबेन.” एवढेच तिने केले आणि रोज केले. आमची मुलगी त्या जुन्या घोळक्याची लाडकी झाली नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती. पण मैदानावर ती एकटी उभी राहिनाशी झाली आणि रविवारी संध्याकाळी पोट दुखायचे थांबले.

क्रिस्टीना साल्मिवाल्ली या फिनिश मानसशास्त्रज्ञ कार्यक्रमाच्या प्रमुख शिल्पकार आहेत. त्रास देणारा आणि सोसणारा यांच्याखेरीज साथ देणारे, हसून उत्तेजन देणारे, बाजूला उभे राहणारे आणि बाजू घेणारे, अशा वर्गातल्या सगळ्यांच्या भूमिका त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये संशोधनातून मांडल्या. कार्यक्रमाचे पाठ, मुलांचे संगणकावरचे खेळ आणि वर्गात करून घेतलेले प्रसंग हे सगळे प्रामुख्याने बघ्यांना उद्देशून आहे. मला हीच बाब सर्वांत मोलाची वाटते. एकट्या पडलेल्या मुलाला आपण सहसा ‘तू जरा धीट हो’, ‘लक्ष देऊ नकोस’, ‘दुसऱ्या मैत्रिणी शोध’ असे सांगतो, म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत कमी बळ उरले आहे त्याच्यावरच सगळे ओझे टाकतो. दुसरा सर्रास दिसणारा उपाय म्हणजे त्रास देणाऱ्याला वर्गासमोर उभे करून ‘सॉरी’ म्हणायला लावणे. त्याने मारामारी कदाचित थांबते, पण एकटे पाडणे वाढू शकते, कारण अपमान झालेले मूल त्यानंतर फक्त बोलणे टाकते आणि त्याला कोणी शिक्षा करू शकत नाही.

कार्यक्रमाच्या मर्यादाही गंभीर आहेत. त्याचा परिणाम प्राथमिक वर्गांत, विशेषतः चौथी ते सहावीत, चांगला दिसला. सातवी ते नववीत तो बराच फिका आणि अनिश्चित आहे. वर्गातला त्रास एकंदरीत कमी झाल्यावरही ज्यांचा त्रास उरतो, त्या मोजक्या मुलांची अवस्था अधिक बिकट होऊ शकते, हे साल्मिवाल्ली यांच्या सहभागाने झालेल्या संशोधनातूनच पुढे आले आहे. बाकी सगळ्यांचे ठीक चालले आहे म्हटल्यावर दोष आपल्यातच असावा, असे त्या मुलाला वाटू लागते. शिवाय कार्यक्रम आहे म्हणजे देशातला प्रश्न सुटला असेही नाही. २ एप्रिल २०२४ रोजी वान्ता शहरातल्या एका शाळेत बारा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला, त्यात त्याच्याच वयाचे एक मूल दगावले आणि दोन गंभीर जखमी झाली. आपला छळ होत असल्याचे त्या मुलाने सांगितले, असे पोलिसांनी जाहीर केले होते. शाळेने नाव नोंदवले, पोस्टर लावली, पण नेमलेल्या गटाला बोलणी करायला वेळच दिला नाही, तर या कार्यक्रमातून फारसे काही हाती लागणार नाही.

महाराष्ट्रात तक्रारपेट्या आहेत, सखी सावित्री समित्या आहेत आणि शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांच्या मानसिक छळाला मनाई केलेली आहे. पण तक्रार आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकाने कोणाला आधी बोलवायचे, पहिले वाक्य काय बोलायचे आणि पुन्हा कधी भेटायचे, हे त्यातून कळत नाही. ‘कीवा’ नेमके तेच हातात देते. साठ मुलांच्या वर्गात सगळे पाठ घेणे अवघड जाईल हे मान्य. पण एकेकट्याशी बोलणे, काही दिवसांनी पुन्हा विचारणे आणि दोन सोबती शोधणे एवढे तर एखाद्या जिल्हा परिषद शाळेलाही परवाना न घेता आजपासून करता येईल.

प्राथमिक वर्गांसाठी मी या कार्यक्रमाला पाचपैकी साडेचार गुण देईन, सातवीपासून पुढे तीन. पालकाला यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. इथे नव्याने येणाऱ्यांनी प्रवेशाच्या वेळी शाळा सहभागी आहे का, एवढ्यावर न थांबता गटात कोण कोण आहे, दरवर्षी मुलांकडून भरून घेतल्या जाणाऱ्या प्रश्नावलीचे शाळेचे निकाल पालकांना दाखवतात का आणि ठरलेल्या बोलण्यांनंतरची भेट खरोखर होते का, हे विचारावे. मूल सातवीच्या पुढे असेल तर केवळ यावर विसंबू नये. शाळेच्या मानसशास्त्रज्ञांची किंवा समाजसेवकांची वेळ सुरुवातीलाच घ्यावी, त्यांची सेवाही विनामूल्य असते.