खोक्यावर १०५० टीआय, आत २०१० सालची चिप

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं जे नाव दिसतं, त्यावर विसंबून कुणी पैसे मोजू नयेत. ते नाव खोटं असू शकतं, आणि दुकानदाराने टेबलावर कार्ड लावून ‘बघा चालू आहे’ म्हणून दाखवलं तरी ते खोटंच दिसत राहतं. ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय म्हणून मला जे विकलं गेलं, त्याच्या आत त्याच कंपनीच्या जुन्या जीटीएस ४५० ची चिप निघाली. १०५० टीआय बाजारात आलं २०१६ मध्ये. ४५० आलं २०१० मध्ये.

गेम खेळणाऱ्या पोराच्या हे पहिल्याच संध्याकाळी लक्षात येतं. फोटोचं काम करणाऱ्याच्या येत नाही, म्हणून हे आपल्या धंद्यातल्यांसाठी लिहितोय.

२०२१ चा ऑक्टोबर. फोटो एडिटिंगच्या लाइटरूम क्लासिक या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं आणि त्यात मास्किंग, म्हणजे फोटोतला हवा तेवढाच भाग निवडणं, पार बदललं. एका क्लिकमध्ये नवरा-नवरी मागच्या मांडवापासून वेगळे, आणखी एका क्लिकमध्ये आभाळ वेगळं. माझ्या मशीनमध्ये प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स होतं, त्यावर हे मास्क रडतखडत तयार व्हायचे. तुळशीचं लग्न लागलं की आमची लग्नसराई सुरू, त्याआधी कार्ड बसवायचं ठरवलं. पण तो काळ कार्डांच्या दुष्काळाचा होता. कोविडमुळे चिपांचा तुटवडा, त्यात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करणाऱ्यांनी, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून ते चलन कमावणाऱ्यांनी, बाजार उपसून नेलेला. एनव्हिडियाने त्याच वर्षी १०५० टीआयसारखं जुनं मॉडेल पुन्हा बाजारात सोडलं होतं. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचं कार्ड ‘नवीन स्टॉक’ म्हणून समोर आलं तर त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. फसवणाऱ्यांनी नेमका त्याचाच आडोसा घेतला.

लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी कंप्युटरवाल्यांसाठी तो लॅमिंग्टन रोडच. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने धंदा करणारी दुकानं आहेत, मी स्वतः तिथून हार्ड डिस्क आणि रॅम घेत आलोय. यावेळी मात्र त्या दुकानांत कार्डच नव्हतं, किंवा भाव ऐकून मागे फिरावं असं होतं. मग एका गाळ्यात साडेनऊ हजारांत मिळालं. बाकीच्यांपेक्षा बरंच स्वस्त, पण ‘हे फुकटच देतायत’ असं वाटावं इतकंही नाही. ही मंडळी भाव ठरवण्यात हुशार असतात.

खोक्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. एक ड्रॅगन, मोठ्या अक्षरात जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. कार्डाला व्हीजीए पोर्ट होता आणि तो दुकानदाराने कौतुकाने दाखवला, ‘जुना मॉनिटरपण सेकंड स्क्रीन म्हणून चालेल, सर.’ सोबत सहा पिनांच्या पॉवरसाठी एक कन्व्हर्टर, आणि ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पेन ड्राइव्ह. ‘साइटवरून डाउनलोड करू नका, हाच टाका.’ त्याने टेबलावरच्या मशीनला कार्ड जोडलं, नाव दाखवलं, ४ जीबी दाखवली. बिल कच्चं, सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी.

या प्रत्येक गोष्टीत एकेक पुरावा होता, ते नंतर कळलं. १०५० टीआय पास्कल पिढीचं, आणि त्या पिढीपासून एनव्हिडियाने चिपमधून ॲनालॉग सिग्नल काढूनच टाकला. व्हीजीए ॲनालॉगच असतो, त्यामुळे त्या चिपला तो थेट देताच येत नाही. १०५० टीआय ७५ वॅटचं, म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर भागतं. काही कंपन्या जादा पॉवरचा सॉकेट देतात, पण त्यांच्या खोक्यावर कंपनीचं नाव असतं. ४५० ला १०६ वॅट लागतात, म्हणून तो कन्व्हर्टर. पेन ड्राइव्ह कशाला? ४५० ज्या फर्मी पिढीचं, तिच्यासाठी नवे ड्रायव्हर काढणं एनव्हिडियाने २०१८ मध्येच थांबवलंय. अधिकृत ड्रायव्हर टाकला की सोंग उघडं पडतं.

घरी आणून बसवलं, लाइटरूम उघडलं, चाललं. आपली मंडळी अडकतात ती इथेच. गेमला कार्ड झेपलं नाही की चित्र अडखळतं, गेम बंद पडतो. लाइटरूमला कार्ड पटलं नाही तर तो फार आरडाओरडा न करता ते बाजूला ठेवतो आणि प्रोसेसरवर काम चालू ठेवतो. आपल्याला वाटतं, कार्ड लागलंय, काम चाललंय, फाइल जड असेल म्हणून वेळ लागतोय. त्या काळी लाइटरूमचा एक्स्पोर्टही, म्हणजे तयार फोटो फाइल बाहेर काढणंही, प्रोसेसरवरच व्हायचा (कार्डावर २०२२ मध्ये आला), त्यामुळे तिथेही फरक कळायची सोय नव्हती. तोवर टेस्टिंग वॉरंटी संपते.

माझं भांडं फुटलं ते फोटोशॉपमुळे. मोठ्या पॅनोरमावर काम करताना स्क्रीनवर रंगीत पट्टे आले आणि मशीन गोठलं. पुन्हा तसंच. प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्समध्ये गेलो तर ग्राफिक्स प्रोसेसरचा पर्याय फिकट, टिचकीच बसेना. मग टेकपॉवरअपचं जीपीयू-झेड उतरवलं. कार्डाची माहिती दाखवणारं छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे, आणि २०१८ पासून ते असली सोंगं ओळखतं. कार्डाच्या नावाआधी चौकोनी कंसात लिहून आलं: फेक. खाली शेडर, म्हणजे चिपमधली गणितं करणारी छोटी युनिटं, १९२. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. नाव बदललेलं, मेमरीचा आकडा फुगवलेला, सगळं कार्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डावरच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, फेरफार करून. सांगितलेली मेमरी ४ जीबी, प्रत्यक्षात १. ती भरेपर्यंत ठीक, भरली की पट्टे.

दुकानात परत गेलो तर पहिला प्रश्न आला, ‘सर, आपका फोटोशॉप ओरिजिनल है क्या?’ या प्रश्नाची मला दाद द्यावीशी वाटते. आपल्याकडच्या निम्म्या स्टुडिओंत तो ओरिजिनल नसतो हे त्याला पक्कं ठाऊक, आणि एवढं विचारलं की बरेच जण खाली मान घालून घरी जातात. माझं सबस्क्रिप्शन होतं. मग ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’, मग ‘पॉवर सप्लाय कमजोर’, मग ‘डिफरन्स भरा, दुसरं देतो’. मी त्याच्याच मशीनवर जीपीयू-झेड चालवलं, बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती. तेव्हा त्याने मला आत बोलावलं.

पैसे मी यूपीआयने दिले होते, पण नाव दुकानाचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. कच्च्या बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता. म्हणजे हे कार्ड याच दुकानाने विकलं याचा पुरावा माझ्या हातात जवळजवळ नव्हताच, आणि ते त्यालाही माहीत होतं. सहा हजार परत द्यायला तयार झाला, कार्ड परत देण्याच्या अटीवर. मी दिलं. ते त्याने पुन्हा ड्रॅगनच्या खोक्यात घातलं.

ते खोकं अजून बाजारात फिरत असणार. दुष्काळ ओसरला तसे नवे प्रकारही आलेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग कार्डांवरून बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं ‘हलकी वापरलेली’ म्हणून विकायला निघाली. एएमडी कंपनीचं आरएक्स ५८० मागितलं की २०४८ शेडरवालं हातात देतात, अस्सल ५८० ला २३०४ असतात; यात चिप खरी, नावापुढचा २०४८ हा आकडा तेवढा गाळलेला.

दुकानात जाताना जीपीयू-झेड पेन ड्राइव्हवर न्या, सोबत तुमची सगळ्यात जड फोटोशॉप फाइल. कंपनीच्या साइटवरून उतरवलेला ड्रायव्हर त्यांच्यासमोर टाकायला लावा. नको म्हणाले तर निघा. बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा, आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की दुकानाचं नाव दिसायला हवं. कार्डाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. इतकं हाताशी असेल तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करताना सांगण्यासारखं काहीतरी असतं.