चोरीनंतरची सायकल: तयार फिक्सी की जुन्या फ्रेमची जोडणी?

सायकल चोरीला गेलीय, हातात पैसे बेताचेच आहेत आणि आता फिक्सीच, म्हणजे चाकाबरोबर पॅडलही फिरत राहणारी एका गिअरची सायकल, चालवायची आहे. पुण्यात तरी अशा माणसापुढे दोन वाटा असतात. तिसरीही एक वाट दाखवली जाते, पण ती मी कुणालाच सुचवणार नाही.

पहिली वाट तयार सायकलीची. घ्यायचीच तर फ्लिप-फ्लॉप हबची (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) घ्या. मागच्या चाकाच्या एका अंगाला फिक्स्ड कॉग (हबला घट्ट बसलेली दातेरी चकती), दुसऱ्या अंगाला फ्रायव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी चकती), म्हणजे चाक उलटं बसवलं की तीच सायकल साधी सिंगल-स्पीड होते. नवशिक्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. फिक्सीत चाक फिरतंय तोवर पाय फिरतच राहतात. उतारावर नाही थांबवता येत, वळणावरही नाही, आणि ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो. मात्र रंगीत रिमा लावलेली प्रत्येक सायकल फिक्सी नसते. दुकानात हब नीट बघा. खऱ्या ट्रॅक हबवर, म्हणजे फिक्सीच्या हबवर, दोन आटे असतात. मोठ्यावर कॉग बसतो आणि शेजारच्या लहान, उलट्या आट्यावर लॉकरिंग. पाय मागे रेटला की कॉग सुटायला बघतो, तेव्हा हीच रिंग त्याला अडवते.

तिसरी वाट का नको, ते इथेच कळतं. जुन्या सायकलीचं फ्रायव्हील वेल्ड केलं की काम स्वस्तात होतं, पण त्या हबला लॉकरिंगचा आटाच नसतो. ऐन उतारावर पाय मागे रेटावा आणि फ्रायव्हीलच सैल व्हावं, एवढा धोका पत्करून वाचवण्याइतके ते पैसे नाहीत.

दुसरी वाट जुन्या लोखंडी फ्रेमची, आणि माझा जीव हिच्यातच आहे. एका गिअरच्या जुन्या सायकलींत मागचं चाक आडव्या खाचेत बसतं. चाक मागे ओढलं की चेन ताणली जाते. फिक्सीला हेच लागतं, कारण चेन ताणून धरणारी स्प्रिंगची कप्पी इथे चालत नाही. गिअरच्या सायकलीची फ्रेम घेणार असाल तर खाच उभी नाही ना, हे आधी पाहा. मागचं चाक बसतं त्या फ्रेमच्या दोन टोकांमधलं अंतर पट्टीनं मोजा. ट्रॅक हबला १२० मिमी लागतात. थोडा फरक असेल तर लोखंडी फ्रेम जाणत्या कारागिराकडून फाकवून किंवा दाबून घेता येते. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणारा, जुने हब हाताखालून गेलेला मिस्त्री जवळपास असेल तर ही वाट बिनधास्त धरा. नसेल तर तयार सायकलच बरी, कारण चुकीचे भाग दोनदा घेण्यात बचत उडून जाते.

फ्रेम जुन्या बाजारातून घेतलीत तरी विकणाऱ्याकडून नाव आणि फ्रेम नंबर घातलेली पावती लिहून घ्या. आपल्यासारख्याच कुणाची तरी चोरलेली सायकल आपल्या घरी यायला नको.

दिसण्यात तयार फिक्सी उजवी, पण रस्त्यावर लावून ठेवायला जुनी, रंग उडालेली फ्रेम बरी. तिच्याकडे कुणाची नजर चटकन जात नाही. कुलूप मात्र दोन्हींना तितकंच चांगलं हवं. यू-लॉक फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आतून, चाकाच्या रिमसकट, खांबाला घाला.

पैसे कमी पडले तर सीट, हँडल, रंग नंतर. आधी मागचं चाक, पुढचा ब्रेक आणि कुलूप. पुढच्या ब्रेकशिवाय पुण्याच्या रहदारीत उतरू नका, कुणी कितीही सराईतपणे स्किड मारून (पाय रोखून मागचं चाक घसरवत) दाखवो.

गिअर निवडताना ४८-१६ (पुढे ४८ दाते, मागे १६) टाळा. भागाकार नेमका ३ येतो, म्हणून एकच पाय पुढे ठेवून स्किड मारलं तर टायर दर वेळी त्याच जागी घासतो. ४६-१७ ला तीच झीज १७ जागी वाटली जाते. आणि रोज कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ असेल, तर मागे १८ दाते घ्या.