यूग्लिश : इंग्रजी शब्दांचे सांधे ऐकायला कामाचं, पण शोध नीट हवा

शब्द टाकला की तो ज्या यूट्यूब व्हिडिओंच्या सबटायटल्समध्ये आहे, ते व्हिडिओ यूग्लिश नेमक्या त्या वाक्यापासून सुरू करतं. बहुतेक जण तिथे सुटा शब्द शोधतात. त्याला डिक्शनरीतला ऑडिओ पुरेसा आहे. ही साइट खरी उपयोगी पडते ती दोन शब्दांच्या सांध्यावर, जिथे डिक्शनरी गप्प बसते.

'नेक्स्ट डे' शोधा आणि पाच-सहा क्लिपा ऐका. बहुतेकांच्या तोंडून 'नेक्स डे' येतं. वेग ०.७५ वर आणला तरी 'ट' सापडत नाही, कारण तो पुसट झालेला नसतो, उच्चारलेलाच नसतो. दोन व्यंजनांच्या कचाट्यात सापडलेला 'ट' किंवा 'ड' असा गळतो. लगेच 'नेक्स्ट अवर' शोधा. पुढे स्वर आला की तोच 'ट' परत येतो आणि त्या स्वराला चिकटतो: 'नेक्स-टावर'. 'टेन मिनिट्स'चं 'टेम मिनिट्स' होतं. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ म्हणणाऱ्या कानाला यात नवल वाटू नये. इंग्रजी स्पेलिंग मात्र बदलत नाही, म्हणून वाचून हे कळत नाही.

सगळ्यात मोलाची जोडी म्हणजे 'कॅन गो' आणि 'कॅन्ट गो'. अमेरिकन उच्चार निवडून दोन्ही ऐका. नकारातला 'ट' बऱ्याचदा घशातच अडतो, ऐकू येत नाही. मग फरक कळतो तो स्वरावरून: होकारात 'कन' असं उडतं रूप आणि जोर 'गो'वर, नकारात पूर्ण, ठसठशीत 'कॅन'. आपण होकारातही 'कॅन'वर जोर देतो आणि ऐकणारा नकार समजतो! पण 'येस, आय कॅन'सारखी क्लिप यात धरू नका. वाक्याच्या शेवटी हे शब्द पूर्ण रूपातच येतात.

ब्रिटिश उच्चार निवडून 'फार अवे' ऐकलं तर एरवी न ऐकू येणारा 'र' जागा होतो. 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये तर स्पेलिंगात नसलेला 'र'ही अनेकांच्या बोलण्यात घुसतो.

आता उणिवा. शोध स्पेलिंगवर चालतो, ध्वनीवर नाही. 'डिजू' ऐकायचं तर 'डिड यू'च टाकावं लागतं. म्हणजे काय शोधायचं हे आधीच ठाऊक हवं, आणि नवख्याची गाडी नेमकी इथेच अडते. भाषणं आणि व्याख्यानं पुष्कळ येतात. मंचावरचा माणूस शब्द सुटे करून बोलतो, त्यामुळे गप्पांमधल्या क्लिपा मुद्दाम निवडाव्या लागतात. मुलाखतीत दोघांचे उच्चार वेगळे असतील तर निवडलेला देश फारसा कामाचा नाही. वेग ०.५ वर नेऊ नका, आवाज घुमतो आणि व्यंजनं फुटतात.

तुमचा उच्चार तपासायला फोनचं रेकॉर्डिंग वापरा. 'टेन मिनिट्स' म्हणताना आरसाही समोर ठेवा: 'टे' संपताच ओठ मिटले तर सांधा जमला, जीभ आधी दातांमागे टेकून मग ओठ मिटले तर शब्द अजून सुटेच आहेत.