गोल्फचा स्विंग तपासायला मोबाइल की पावडर स्प्रे?
डाउनस्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) वरून खाली चेंडूकडे येणं, जेमतेम पाव सेकंदाचा. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन लावला की त्यातल्या साठेक फ्रेम हाती येतात. कंबर आधी वळते की खांदे, हे त्यात स्वच्छ कळतं. फोन मात्र हातांच्या उंचीवर, सरळ ठेवा. तिरका ठेवलात तर चांगला स्विंगही वाकडा दिसतो.

पण क्लब चेंडूला टेकतो तो सुमारे अर्धा मिलिसेकंद. तो क्षण दोन फ्रेमच्या मधेच निसटतो. तिथे पायाला मारायचा पावडर स्प्रे कामी येतो. क्लबफेसवर, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, पातळ थर मारा, फटक्यानंतर चेंडूचा गोल ठसा उमटलेला दिसेल. ड्रायव्हरवर (लांब फटक्याच्या क्लबवर) तो फेसच्या बाहेरच्या टोकाकडे असेल तर चेंडू हुककडे (उजव्या हाताच्या खेळाडूच्या डावीकडे) झुकतो, दांड्याजवळच्या टाचेकडे असेल तर स्लाइसकडे (उजवीकडे).

नवशिक्याने आधी स्प्रेच घ्यावा, असं माझं ठाम मत. फेस पुसायला जुना पंचा सोबत ठेवा.